नारिंगी गोळीची कुळकथा

बीटा-कॅरोटीनच्या गोळीचे मूळ गाजरात आहे. १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातले रंगद्रव्य वेगळे काढले. गाजराच्या लॅटिन नावावरून, ‘कॅरोटा’वरून, त्याला कॅरोटीन म्हणू लागले. पुढे १९३०च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस मूर यांनी दाखवून दिले की, शरीरात गेल्यावर याच रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते. रंगाला कूळ मिळाले.

ते कूळही तेव्हा नवेच होते. १९१२ साली लंडनमध्ये काझिमीर फंक या पोलिश शास्त्रज्ञाने ‘व्हिटा’ म्हणजे जीवन आणि ‘अमाइन’ हे शब्द जोडून ‘व्हिटॅमाइन’ हे नाव घडवले. ही सगळी द्रव्ये अमाइन नसतात हे कळल्यावर १९२०मध्ये जॅक ड्रमंड यांनी त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर गाळले. मराठीत त्याचे ‘जीवनसत्त्व’ झाले. ज्याच्या नावातच जीवन आणि सत्त्व आहे, ते जास्त घेतल्याने बाधेल असे कुणाच्या मनात येणार?

कॅन्सरशी या गोळीची गाठ पडली ती १९८१मध्ये. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रश्न मांडला: आहारातल्या बीटा-कॅरोटीनमुळे कॅन्सर कमी होईल का? भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत कॅन्सर कमी आढळत होता. पण ही किमया कॅरोटीनचीच की भाजीतल्या आणखी कशाची, हे प्रयोगाशिवाय ठरणार नव्हते.

प्रयोग झाला फिनलंडमध्ये. १९८५पासून सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांना वेगवेगळ्या गटांत वाटून कुणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला दोन्ही, तर कुणाला औषध नसलेली गोळी दिली गेली. १९९४मध्ये निकाल लागला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत अशाच प्रयोगात १८,३१४ जणांपैकी निम्म्यांना बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही दिले जात होते. त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि जानेवारी १९९६मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच, गोळ्या थांबवण्यात आल्या.

धुराने पोळलेल्या फुप्फुसात एवढ्या मोठ्या मात्रेतले कॅरोटीन उलटे वागत असावे, असा अंदाज आहे. ई जीवनसत्त्वानेही पुढे निराशाच केली. अमेरिका आणि कॅनडातल्या ३५,५३३ पुरुषांवरच्या प्रयोगात नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी अधिक निघाला.

चीनमधल्या लिन्शियानची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या लोकांच्या आहारातच पोषकद्रव्यांची कमतरता होती. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. उणीव होती तिथे भर उपयोगी पडली. पोट भरलेल्याला तीच भर भारी पडली.

म्हणून वाचकहो, कॅन्सर टाळण्यासाठी मनानेच जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नका. तपासणीत कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी सांगितले, तर जरूर घ्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्याला बीटा-कॅरोटीन मुळीच देऊ नका. त्याची विडी सुटावी म्हणून मदत करा. आणि गाजर खायचे ते गाजर म्हणूनच, जेवणाच्या ताटात.