विहिरीची सवय आणि समुद्राचा हिशेब

सेवाग्रामला समुद्र नाही. आमच्या पिढीला पोहायला शिकवलं ते शेतातल्या विहिरींनी. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि वरून एकच आज्ञा : दम धरून ठेव! तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणारा पोरगा त्या दिवसाचा राजा. कान दुखला तर एका पायावर उड्या मारायच्या; आमचं वैद्यक एवढंच.

पन्नाशी उलटल्यावर मालवणजवळ स्कुबाला गेलो, तेव्हा शिकवणारा मुलगा नेमकं उलटं सांगत होता : श्वास कधीही रोखायचा नाही. या विसंगतीनेच मला ग्रंथालयात नेऊन बसवलं.

गोष्ट जुनी आहे. रॉबर्ट बॉइलने 1670 मध्ये हवा काढून घेतलेल्या भांड्यात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना पाहिला. 1841 मध्ये फ्रान्सच्या त्रिजेने नोंदवलं, की लुआर नदीकाठी दाबाच्या हवेत खोदकाम करणाऱ्या मजुरांचे सांधे बाहेर आल्यावर दुखतात. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये याच विकाराने खचला. पुढे त्याच्या सूचना कामावर पोहोचवल्या त्या पत्नी एमिलीने. कारण सांगितलं पॉल बेरने, 1878 मध्ये. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झपाट्याने उतरला की सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो.

उपाय सापडला शेळ्यांवर. (सेवाग्रामात शेळी म्हटली की वेगळीच शेळी आठवते, ते सोडा.) जे. एस. हॉल्डेनने त्यांना दाबाच्या कोठीत ठेवलं. वेदना झाली की शेळी पाय उचलून धरी. त्यावरून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं तयार झाली. पुढे त्यांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण टप्प्यांची कल्पना टिकली.

दम धरण्याचं कोडंही इथेच सुटतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. विहिरीत आपण वरची हवा घेऊन जातो. ती खाली आकसते, वर येताना मूळपदावर येते. स्कुबात मात्र खालच्या दाबाची हवा छातीत भरलेली असते. ती कोंडून वर आलं तर दुप्पट फुगते, फुप्फुस फाटतं आणि बुडबुडे रक्तातून थेट मेंदूत जाऊ शकतात. दीड-दोन मीटर पाण्यातही हे घडू शकतं. म्हणून ‘उथळच तर आहे’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं, आणि विहिरीत तयार झालेला पट्टीचा पोहणारा नवख्यापेक्षा जास्त जोखमीचा.

सर्वांत जास्त दुखापत होते ती कानाची. सर्दी असताना मी हट्टाने उतरलो. दोन आठवडे कानात रातकिडे वाजत होते. आणि काही धोके पाण्याखालचे नसतातच. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक दगावले.

एक गोष्ट आमच्या विदर्भवाल्यांच्या वाट्याची. मालवणहून घरी यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. डुबकीनंतर सहाशे मीटरपेक्षा उंच जायचं तर एका डुबकीनंतर बारा तास, अनेक डुबक्यांनंतर अठरा तास थांबावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. पर्यटकांच्या दहा-वीस मिनिटांच्या उथळ फेरीत नायट्रोजनचा धोका फारच कमी, हे खरं. पण खोल पाण्यात शिकायला जाणाऱ्यांनी घाटही हिशेबात धरायला हवा.

शेजारचा मुलगा दिवाळीनंतर मालवणला निघालाय. तिथे शार्क असतात का, असं तो मला विचारत होता. मी त्याला सर्दी आहे का ते विचारलं.