अनेकवचन : इंग्रजी आणि योरुबा

योरुबा ही नैर्ऋत्य नायजेरियांतील भाषा. योरुबा बोलणारें मूल इंग्रजी शिकूं लागलें म्हणजे ‘टू बुक’ असें सहज बोलून जातें. शेवटचा ‘एस’ राहिला म्हणून शिक्षक त्याला टोकतात. चूक खरी, परंतु ती मंदबुद्धीची खूण नव्हे. मूल आपल्या भाषेचा नियमच पाळीत असतें.

योरुबेंत ‘इवे’ म्हणजे पुस्तक आणि ‘इवे मेजी’ म्हणजे दोन पुस्तकें. संख्या नामामागून येते. नाम तसूभरहि बदलत नाहीं. संख्या सांगावयाची नसली तर ‘ते’ या अर्थाचें सर्वनाम आधीं ठेवून ‘आवॉन इवे’ म्हणतात. मोठें घर तें ‘इले न्ला’. मोठीं घरें म्हणतांना विशेषणच दुणावतें : ‘इले न्लान्ला’. अनेकत्व भाषेंत आहे. तें नामाच्या शेवटीं जोडलेलें नाहीं, एवढेंच.

इंग्रजीचा ‘एस’ तरी अनादि आहे काय? हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘स्तान’ म्हणजे दगड, त्याचें ‘स्तानस’ होई. पण ‘बोक’ म्हणजे पुस्तक, त्याचें अनेकवचन ‘बेच’. आणि ‘हूस’ म्हणजे घर, तें एक असो वा दहा, ‘हूस’च राही. पुढें जुने प्रत्यय झिजले आणि ‘एस’नें एकेक शब्द आपलासा केला. ‘ऑक्सन’, ‘फीट’ आणि न बदलणारें ‘शीप’ हे त्या जुन्या रीतींचे अवशेष होत.

ही झुंज दीर्घकाळ चालली. इंग्लंडचे आद्य मुद्रक विल्यम कॅक्सटन यांनीं १४९० सालच्या एका प्रस्तावनेंत एक गोष्ट दिली आहे. टेम्स नदीवर वाऱ्याअभावीं अडकलेल्या एका व्यापाऱ्यानें किनाऱ्यावरील बाईपाशीं ‘एगेस’, म्हणजे अंडीं, मागितलीं. आपल्याला फ्रेंच येत नाहीं, असें तिनें उत्तर दिलें. व्यापारी रागावला, फ्रेंच त्यालाहि येत नव्हतें. अखेर दुसऱ्यानें ‘आयरेन’ म्हटल्यावर बाईला अर्थ कळला.

योरुबेचे नियम इंग्रजी वाचकांपुढें मांडणारे सॅम्युएल अजायी क्राउथर हे योरुबाच होते. १८२१ सालीं पोरवयांत त्यांस पकडून गुलाम म्हणून विकण्यांत आलें. १८२२ सालीं ब्रिटिश आरमारानें त्यांस गुलामांच्या जहाजावरून सोडवून सिएरा लिओनांत उतरविलें. तेथें ते इंग्रजी शिकले. आणि १८४३ सालीं त्यांचा योरुबा शब्दसंग्रह, प्रारंभीं व्याकरणाचीं मूलतत्त्वें जोडून, लंडनांत प्रसिद्ध झाला. ज्यांस माल समजून जहाजांत कोंबिलें होतें, त्यांनींच आपल्या भाषेची घडण जगाला समजावून दिली.

मराठींतहि एक दगड आणि दहा दगड यांत ‘दगड’ बदलत नाहीं. म्हणून मराठी माणसाला मोजतां येत नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. ‘टू बुक’ म्हणणाऱ्या मुलाचें वाक्य शिक्षकानें अवश्य सुधारावें. मात्र त्याच्या आईची भाषा अपुरी आहे, असें त्याला कधींहि वाटूं देऊं नये.