सीपीआर शिकवायचा कुणी?

सध्या माझे वीकेंड बेसिक लाइफ सपोर्टचा, म्हणजे बीएलएसचा, इन्स्ट्रक्टर व्हायच्या ट्रेनिंगमध्ये चाललेत. मित्रांचा ठरलेला प्रश्न : "तू कोडिंग करणारा माणूस, हे डॉक्टरांचं काम तुला कशाला?" गंमत म्हणजे हाच प्रश्न अमेरिकेत साठेक वर्षांपूर्वी गंभीरपणे चर्चिला गेला होता.

मुळात या गोष्टीची सुरुवातच इंजिनिअरांपासून होते! बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोव्हन हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर विजेच्या धक्क्याने हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणायचं यंत्र बनवत होते. कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांचा सहकारी गाय निकरबॉकर (हाही इंजिनिअरच) याच्या लक्षात आलं, की जड पॅडल छातीवर दाबले की वीज सोडायच्या आधीच रक्तदाब थोडा वर जातोय. म्हणजे छाती न उघडताही रक्त फिरवता येतं! सर्जन जेम्स ज्यूड सोबत आले आणि १९६० साली तिघांनी हे जाहीर केलं. लेखाचा सूर असा, की यंत्र नको, दोन हात पुरेत.

त्याच शहरात भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध केली होती, तीसुद्धा सामान्य माणसांकडून करवून घेऊन. सरावासाठी नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये 'रेससी ॲन' ही बाहुली तयार केली.

म्हणजे पद्धत तयार, बाहुली तयार. मग अडलं कुठे? शिकवायचं कुणाला, इथे! १९६६ च्या राष्ट्रीय परिषदेने ठरवलं, की प्रशिक्षण वैद्यकीय आणि संबंधित कर्मचाऱ्यांनाच द्यावं. पण माणूस कोसळतो तो घरात, ऑफिसात, स्टेशनवर. तिथे डॉक्टर कुठून आणणार?

कोंडी फोडली सिएटलने. डॉ. लिओनार्ड कॉब यांनी अग्निशमन दलाला हाताशी धरून १९७२ च्या सुमारास थेट नागरिकांचे वर्ग सुरू केले. पहिल्या दोन वर्षांत लाखाच्या वर लोक शिकले! १९७३ च्या परिषदेने मग सामान्य जनतेलाही शिकवावं, अशी शिफारस केली.

इन्स्ट्रक्टरचं काम म्हणजे भाषण ठोकणं नव्हे, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी कळतं. काम आहे बघत राहण्याचं. दाब मिनिटाला १०० ते १२० पडतायत का? छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जातेय का? आणि सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देतायत का? ती वर आली नाही तर हृदयात रक्त भरणारच नाही. आपण बघायचं, मोजक्या शब्दांत सांगायचं, परत करून घ्यायचं. आपला कोड रिव्ह्यूच म्हणा ना.

सीपीआर नसेल तर हृदय थांबल्यावर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता संध्याकाळी सहाचं हिंजवडी डोळ्यांसमोर आणा. १०८ ला फोन करायचाच, पण गाडी पोचेपर्यंतची मिनिटं बाजूच्या क्यूबिकलमधल्या माणसाच्या हातात असतात.

त्या माणसाला कुणीतरी शिकवायला हवं. ते डॉक्टरच असायला हवेत, असं काही नाही. मित्रांनो, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर!