शिशुशयन, कोकणातील

शिशुशयन, कोकणातील : जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अर्भकास निजविण्याच्या जागा, साधने व त्यांसंबंधीचे आचार. नवजात मूल दिवसाचे सोळा-सतरा तास झोपेत घालविते. त्यामुळे ते कोठे निजते, या प्रश्नाशी त्याची ऊब, श्वासोच्छ्‌वास, स्तन्यपान आणि किडामुंगीपासूनचे संरक्षण या सर्व गोष्टी निगडित असतात. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील काळ नदीकाठचा माणगाव तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा डोंगराळ मुलूख, भाताची खाचरे, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, ओलावा धरणारी सारवलेली जमीन आणि पोटासाठी मुंबईशी जडलेला संबंध, या सर्वांचा ठसा येथील शिशुशयनाच्या पद्धतीवर उमटला आहे.

कोकणातील जुन्या घरात ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर अशी मांडणी असे. माजघरालगतची एक लहान, बहुधा खिडकी नसलेली खोली बाळंतिणीसाठी राखून ठेवीत. सुंभाने विणलेली बाज, तिच्याखाली किंवा शेजारी निखाऱ्यांची शेगडी, ओवा, शोपा, वेखंड यांची धुरी आणि दाराला पडदा हे तिचे ठराविक रूप. पहिले दिवस मूल आईच्या कुशीत, जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात व कुंचीत गुंडाळलेले असे. काही घरांत त्याला दुपटे अंथरलेल्या सुपात ठेवीत. पहिलटकरीण माहेरी येई. म्हणून मुलाच्या पहिल्या निजण्याची जागा आजोळची असे आणि ती ठरविण्याचा अधिकार आजीचा व सुइणीचा असे. मुलाच्या बापाला त्यात फारसे स्थान नव्हते.

या खोलीच्या काळोखाला शास्त्राचा आधार असल्याचे पुष्कळदा सांगितले जाई. वस्तुस्थिती वेगळी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील कुमारागाराचे वर्णन नेमके उलट आहे. मुलाचे घर काळोखी नसावे. जोराचा वारा त्यात शिरू नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी. श्वापदे, दाढा असलेले प्राणी, उंदीर व पतंग यांपासून ते मुक्त असावे. अंथरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे. घाम, मलमूत्र वा कीटक यांनी दूषित झालेले अंथरूण टाकून द्यावे आणि ते शक्य नसल्यास धुऊन, धुरी देऊन, वाळवून मगच वापरावे, असे तेथे सांगितले आहे. यांपैकी धुरी तेवढी लोकाचारात टिकली. उजेड व हवा गळून पडली. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना, दृष्ट व बाहेरची बाधा यांचे भय आणि थंडीवाऱ्याची धास्ती ही याची कारणे होत. यांतील शेवटचे भय निराधार नव्हते. नवजात अर्भकाच्या शरीरातील उष्णता झपाट्याने कमी होते आणि आषाढ-श्रावणातील कोकणी घरात कोरडी ऊब मिळविणे सोपे नसते. तथापि कोंडलेल्या खोलीतील निखाऱ्यांमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू आणि धूर यांचे मोल मुलाला व आईला द्यावे लागे.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. त्या रात्री ती येऊन मुलाच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी समजूत असल्याने पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात. मुलाजवळ दिवा तेवत ठेवून बायका जागरण करतात. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे होणारा नवजात धनुर्वात जन्मानंतर साधारणतः पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या जागरणामागील भीती किती अनुभवजन्य होती, ते कळते. जागरणाने रोग टळत नसे. मात्र मुलाकडे रात्रभर कोणाचे तरी लक्ष राही. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. पुढे अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण घेताना १८८६ मध्ये त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिविद्या याच विषयावर प्रबंध लिहिला. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर होण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

बारशाच्या दिवशी, म्हणजे बहुधा बाराव्या दिवशी, मुलाला प्रथम पाळण्यात घालतात. पुष्कळ घरांत आधी वरवंट्याला कुंची-टोपरे घालून तो पाळण्यात निजवितात आणि मग मूल पाळण्याच्या वरून व खालून या बाईच्या हातून त्या बाईच्या हाती देत देवाची नावे घेतात. दगडासारखे चिवट आयुष्य मुलाला लाभावे, असा याचा अर्थ लावतात. दोर धरून बसणाऱ्या बाईला पाळण्याच्या कड्या व साखळ्या मुलाचे वजन पेलतील की नाही, याची कल्पनाही या निमित्ताने येत असली पाहिजे. रूढींच्या अभ्यासकांनी या साध्या उपयोगाकडे क्वचितच लक्ष दिले आहे. पाळणा सागवानी वा शिसवी असे व माजघराच्या तुळईला टांगीत. गरीब घरी बांबूचा किंवा वेताचा पाळणा असे. रामनवमीस व गोकुळाष्टमीस देवाचा पाळणा हालवितात, शिवजयंतीस शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा पाळणा गातात. निजण्याच्या साधनाचेच नाव गीतप्रकाराला मिळाले, ते या सर्वांमधून.

पाळणा जमिनीपासून वर टांगण्यास कोकणात एक विशेष कारण आहे. मण्यार हा सर्प रात्री जमिनीवर निजलेल्या माणसांस चावतो व त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. लाल विंचू दगडी भिंतींच्या फटींत, लाकूडफाट्यात व अंथरुणात आढळतो आणि त्याचे विष लहान मुलांना विशेष घातक ठरते. माणगावच्या दक्षिणेस असलेल्या महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करीपर्यंत विंचूदंशाने इस्पितळात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी सु. एक-तृतीयांश दगावत. अशा मुलखात अधांतरी टांगलेला पाळणा हा केवळ कौतुकाचा विषय नव्हता.

ज्यांच्या घरात तुळई नाही, त्यांचे साधन झोळी. जुन्या लुगड्याची दोन टोके दोरीने वाशाला, झाडाच्या फांदीला किंवा तीन काठ्यांच्या तिवईला बांधली, की ती तयार होते. भातलावणीच्या दिवसांत बांधावर व रानात कष्टकरी स्त्रिया मुलाला झोळीत घालून कामाला लागत. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेथे तान्ह्या मुलाची झोळी भट्टीलगतच्या खोपटातच बांधलेली असते. झोळीत मूल लवकर झोपते, साप-विंचवापासून व मुंग्यांपासून वाचते. परंतु तिच्या खोलगट आकारामुळे फार लहान वा अशक्त मुलाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडण्याचा संभव असतो. त्यात भट्टीच्या धुराची भर पडते.

मुंबईच्या गिरण्यांत कामास गेलेल्या कोकणी कुटुंबांपुढे हाच प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहिला. चाळीच्या एका खोलीत अनेक माणसे. बायको गिरणीत जाणारी असेल, तर मूल सांभाळण्यास घरी कोणी नाही. अफूची बाळगोळी देऊन मुलाला दिवसभर झोपविण्याची चाल या वस्तीत सर्रास होती आणि १९२० नंतरच्या सरकारी पाहणीत तिची नोंद झाली. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावली. एकखोली कुटुंबांत हे प्रमाण आठशेच्याही वर होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परतत. त्यामुळे जन्म गावी, पण मृत्यू मुंबईत नोंदला जाई व आकडा फुगे. ही सूट देऊनही तो भयावहच ठरतो. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. कारखान्यात पन्नासहून अधिक स्त्रिया असल्यास त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर असलेच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरविले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. वीटभट्टीवरील झोळीपर्यंत या तरतुदीचा हात फारसा पोहोचला नाही.

विसाव्या शतकात प्रसूती इस्पितळात होऊ लागल्यावर अनेक मोठ्या रुग्णालयांत मूल आईपासून वेगळ्या कक्षात ठेवीत. संसर्ग टाळणे हा हेतू होता. परिणामी स्तन्यपानात मात्र खंड पडे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या शिशुस्नेही रुग्णालय योजनेने मूल चोवीस तास आईजवळ ठेवण्याचा दंडक घातला. याच सुमारास झोपेत होणाऱ्या आकस्मिक अर्भकमृत्यूंचा संबंध पालथे निजविण्याशी असल्याचे दिसून आले आणि उताणे निजविण्याच्या प्रचारानंतर पाश्चात्त्य देशांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मुलाने निदान सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतंत्र, घट्ट व सपाट अंथरुणावर निजावे, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. आईची बाज आणि हाताशी टांगलेला पाळणा ही जुनी कोकणी व्यवस्था तिच्या बरीच जवळ येते. डोके गोल व्हावे म्हणून दिलेली मोहरीची उशी, गोधड्यांची रास आणि धूर मात्र तिच्यात बसत नाहीत. एका अंथरुणावर निजण्याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. तंबाखू ओढणारी वा मद्य घेतलेली व्यक्ती शेजारी असणे, मूल अपुऱ्या दिवसांचे असणे किंवा गादी फार मऊ असणे या स्थितींत धोका वाढतो, यावर मात्र एकमत आहे.

कमी वजनाच्या मुलांसाठी आईची छाती हीच निजण्याची उत्तम जागा होय, हे कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ पासून वापरात आलेल्या कांगारू मातृसेवा पद्धतीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या घरोघरच्या नवजात सेवेच्या प्रयोगाने (१९९९ मध्ये प्रसिद्ध) नवजात मृत्यूंचे प्रमाण सु. ६२ टक्क्यांनी घटले. त्यातील आरोग्यदूतांच्या सामग्रीत मुलाला उबेत निजविण्यासाठी शिवलेली पिशवी होती. देशात २०११ पासून हीच सेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत दिली जाते. इस्पितळात जन्मलेल्या मुलाच्या घरी त्या ४२ दिवसांत सहा भेटी देतात. तापमान व वजन पाहतात, अंथरूण व खोली पाहतात. माणगाव परिसरात आता अनेक घरे सिमेंटच्या छताची झाली असून तुळईची जागा छतात बसविलेल्या लोखंडी कडीने किंवा स्प्रिंग लावलेल्या नळ्यांच्या घडवंचीने घेतली आहे. बाळंतिणीची काळोखी खोली बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली. शेगडी मात्र कित्येक घरांत अद्याप पेटते.