ब्राक्कीचे दुकान : वेल्सच्या खाणगावांतील इटालियन कुटुंबे

एक लहान गाव, गावात एक मुख्य रस्ता आणि त्या रस्त्यावर एका इटालियन कुटुंबाचे साधे खाण्याचे दुकान. गल्ल्यावर बाप, शेगडीपाशी आई, कपबश्या विसळायला मुले. एवढे चित्र डोळ्यांसमोर आणा. पण टेबलावर पास्ता किंवा पिझ्झा मांडू नका. दक्षिण वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांत अशी शेकडो दुकाने होती आणि त्यांतील बहुतेकांनी कित्येक दशके गिऱ्हाइकांना इटालियन जेवण वाढलेच नाही. आजचा धागा त्या दुकानांविषयी, आणि १९४० सालच्या जून महिन्यात त्यांच्यावर जे कोसळले त्याविषयी.

सुरुवात इटलीतून करू. पार्मा शहराच्या नैर्ऋत्येस, आपेनाइन डोंगररांगेत बार्दी नावाचे गाव आहे. तांबूस खडकावर जुना किल्ला, खाली चेनो नदीचे खोरे. जमीन चढाची, शेते तुकड्यातुकड्यांची; चेस्टनटच्या पिठावर हिवाळा काढावा लागे. त्यामुळे परमुलखात जाऊन चार पैसे मिळवणे ही त्या डोंगराची जुनीच रीत होती. कोणी अस्वले-माकडे खेळवी, कोणी दांडा फिरवून वाजणारा बाजा घेऊन गावोगाव हिंडे, कोणी भाजलेले चेस्टनट विकी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पायवाट लंडनला पोहोचली आणि तेथून वेल्सला.

वेल्सच का? कारण तेथे कोळसा होता, आणि कोळशाबरोबर मजुरी. दक्षिण वेल्सच्या खाणींनी १९१३ साली सुमारे ५.७ कोटी टन कोळसा काढला. ऱ्होंडासारख्या अरुंद खोऱ्यांत घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या, त्यांत रोज थकून परतणारी माणसे राहू लागली. पण संध्याकाळी बसायला जागा दोनच. एक दारूचा गुत्ता, दुसरे चॅपेल.

या दोहोंमधली जागा बार्दीकरांनी हेरली. आरंभीच्या दुकानदारांत ब्राक्की नावाचे कुटुंब होते. पुढे मालकाचे आडनाव काहीही असो, असे प्रत्येक दुकान 'ब्राक्की'च म्हणवले जाऊ लागले. कोणत्याही वनस्पती तुपाला आपण 'डालडा' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

दुकानात मिळे काय? चहा, कॉफी, गरम पाण्यात कालवलेले बोव्हरिल, सार्सापरिला हे मुळ्यांपासून केलेले गोड पेय, मांसाचे सारण भरलेली 'पाय' वाफेवर गरम करून, सिगारेटी, काचेच्या बरण्यांतल्या गोळ्या आणि आइस्क्रीम. अनेकांनी तळलेले मासे व बटाट्याच्या चिप्सही विकल्या. आइस्क्रीमसाठी दूध आटवायचे, बर्फ आणि मीठ भरलेल्या पिंपात भांडे ठेवून ते हाताने घुसळायचे आणि मग खोऱ्याच्या चढावर हातगाडी ढकलत न्यायची. हे सगळे खाणे गिऱ्हाइकाच्या जिभेचे होते. घरची पोलेन्ता घरच्यांपुरती, मागच्या स्वयंपाकघरात. मला हा तपशील फार बोलका वाटतो. आज परदेशी खानावळ म्हटली की तिने आपले 'अस्सल' पदार्थ खिलवावेत अशी आपली अपेक्षा असते. या माणसांचा सारा व्यवहार मात्र शेजाऱ्यांत मिसळून जाण्यावर उभा होता.

दारू नसणे हेच या दुकानांचे भांडवल ठरले. वेल्समध्ये मद्यपानविरोधी चळवळीचा मोठा जोर होता. १८८१ च्या कायद्याने तेथील गुत्ते रविवारी बंद झाले. ब्राक्कीचे दार मात्र रविवारीही उघडे असे. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की चॅपेलमधली तरुण मंडळी तेथेच येऊन बसत. गुत्त्यात पाऊल ठेवणे ज्यांना शोभणारे नव्हते अशा मुलीसुद्धा. सनातनी मंडळींना हे खपेना. रविवार पाळण्याविषयीचा सतराव्या शतकातला कायदा उकरून काढून इटालियन दुकानदारांवर खटले भरले गेले. दुकानदार दंड भरत आणि पुढच्या रविवारी पुन्हा दार उघडत.

या चित्रात फार गोडवा भरू नये. 'कुटुंबाचे दुकान' या शब्दांच्या आड बार्दीहून कराराने आणलेली पोरेही होती. ती दुकानाच्या माळ्यावर झोपत, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत आणि पुरेसे शिकली की स्वतःचे दुकान थाटून गावाकडून आणखी पोरे मागवत. धंदा वाढला तो असा.

आता १० जून १९४०. त्या दिवशी मुसोलिनीने ब्रिटन व फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच रात्री कार्डिफ, स्वान्झी, लिव्हरपूल, एडिंबरा अशा अनेक शहरांत जमावांनी इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या. सगळ्यांना पकडा, असे चर्चिल म्हणाल्याचे सांगतात. हुकूम प्रत्यक्षात असा निघाला : १६ ते ७० वयाचे, ब्रिटनमध्ये वीस वर्षांहून कमी काळ राहिलेले इटालियन पुरुष स्थानबद्ध करायचे, शिवाय 'फाशो' या फॅसिस्ट पक्षशाखेच्या यादीत ज्यांचे नाव असेल तेही, मग वास्तव्य कितीही जुने असो.

ही यादी हाच सगळ्या प्रकरणाचा कच्चा दुवा होता. फाशोत विचाराने फॅसिस्ट असलेली माणसे होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण परदेशातल्या इटालियनांसाठी फाशो म्हणजे मंडळाची खोलीही होती : सण, सहभोजने, मुलांना इटालियन शिकवण्याचे वर्ग. सभासदत्व म्हणजे धोका, एवढेच समीकरण गुप्तचर खात्याने मांडले. काही घरांत तर बाप शत्रू म्हणून छावणीत आणि येथेच जन्मलेला मुलगा ब्रिटिश सैन्यात, अशी स्थिती झाली. (याच युद्धात ब्रिटिश हिंदुस्थानात 'शत्रुदेशीय' ठरलेल्या जर्मनांना अहमदनगर आणि देवळालीच्या छावण्यांत ठेवले होते, पुढे तिबेटात पोहोचलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांतलाच.)

१ जुलै १९४० च्या पहाटे 'अरंडोरा स्टार' ही जुनी विहारनौका लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली. तिच्यावर ७०० हून अधिक इटालियन, शेकडो जर्मन स्थानबद्ध आणि युद्धकैदी, पहारेकरी व खलाशी होते. जहाजाला राखाडी रंग फासलेला, डेकवर काटेरी तारा, कैदी नेत असल्याची खूण कोठेही नाही. २ जुलैच्या सकाळी आयर्लंडच्या पश्चिमेस यू-४७ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो डागला. पाणबुडीचा कप्तान ग्युंथर प्रीन. स्कापा फ्लोमध्ये शिरून 'रॉयल ओक' बुडवणारा तोच. आठशेहून अधिक माणसे मेली, त्यांत ४४० हून अधिक इटालियन. त्यांपैकी ५३ वेल्सचे रहिवासी होते. इटलीच्या मित्रराष्ट्राने, ब्रिटनच्या कैदेत असलेल्या आइस्क्रीमवाल्यांना बुडवले होते.

कित्येक घरांना बातमी नीट कळायलाच आठवडे लागले. पुढचे काही महिने आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या बेटांच्या किनाऱ्यांना प्रेते लागत राहिली. वाचलेल्यांपैकी अनेकांना तर १० जुलै रोजी 'ड्युनेरा' या दुसऱ्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला धाडले गेले. समुद्रातून जेमतेम निघालेल्या माणसाला आठवड्याभरात पुन्हा समुद्रात लोटणे, याला कारभार म्हणायचे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

इकडे दुकाने बायकांनी आणि मुलांनी चालवली. बीटल्सच्या तीन चित्रपटांत दिसलेला नट व्हिक्टर स्पिनेट्टी हा अशाच घरातला मुलगा. एब्बू व्हेलजवळच्या कुम गावी वडिलांचे मासे-चिप्सचे दुकान होते. व्हिक्टर अकराच्या आत होता तेव्हा वडील स्थानबद्ध झाले.

युद्धानंतर पुष्कळ जण परतले, त्याच रस्त्यावर, त्याच गिऱ्हाइकांपुढे उभे राहिले. ब्रिटिशांना इटालियन जेवणाची गोडी लागली ती यानंतर. एलिझाबेथ डेव्हिड यांचे 'इटालियन फूड' हे पुस्तक १९५४ चे. १९८४-८५ चा संप फसल्यावर खाणी भराभर बंद झाल्या आणि खोऱ्यातल्या मजुरीवर जगणारी दुकानेही विरळ झाली.

बार्दीच्या दफनभूमीत त्या गावाच्या ४८ मृतांचे एक छोटे प्रार्थनागृह आहे. कार्डिफच्या सेंट डेव्हिड कॅथेड्रलमध्ये वेल्समधील मृतांचे स्मारक उभे राहायला २ जुलै २०१० उजाडावे लागले. खोऱ्यांतली काही दुकाने अजून चालू आहेत. पाटीवर जुने इटालियन आडनाव असते. आत चहा, चिप्स आणि गरम पाय मिळते.