ससेक्सचा वाइन-प्रदेश

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील ईस्ट ससेक्स व वेस्ट ससेक्स या दोन परगण्यांत पसरलेला द्राक्ष व वाइन उत्पादक प्रदेश. अक्षांश सु. ५१° उ. म्हणजे फ्रान्समधील शँपेनच्याही सुमारे दोन अंश उत्तरेला. ब्रायटन, लूइस, चिचेस्टर व हेस्टिंग्ज ही यातील मोठी गावे. एकेका परगण्याचा हिशेब केला, तर शेजारच्या केंटमधील लागवड अधिक भरते. पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या फेसाळ वाइनचा इंग्लंडमधील आधुनिक इतिहास ससेक्समध्ये घडला, म्हणून या प्रदेशाची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते.

भूरचना : प्रदेशाच्या दक्षिण अंगाला साउथ डाउन्स ही खडूच्या खडकाची बुटकी, गवताळ टेकड्यांची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. ती बीची हेड व सेव्हन सिस्टर्स येथे पांढऱ्या कड्यांच्या रूपाने समुद्रात संपते. हा खडू क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालांच्या चुनकट कवचांपासून तयार झाला. हाच थर इंग्लिश खाडीच्या तळाखालून पलीकडे जातो आणि पॅरिसच्या खोलगट प्रदेशाच्या कडेने शँपेनमध्ये पुन्हा वर येतो. खडू सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे जादा पाणी मुळांशी तुंबत नाही, आणि कोरड्या आठवड्यांत तोच खडक साठवलेला ओलावा मुळांना पुरवतो. या खडकात गारगोट्या विपुल असून जुने गोठे व कुंपणे त्यांचीच बांधलेली दिसतात.

मात्र ससेक्सची सगळी वाइन खडूवर पिकते, हा प्रचारी साहित्यातील समज खरा नाही. नायटिंबर या सर्वांत नामवंत मळ्याची मूळ जमीन टेकडीच्या पायथ्याच्या हिरवट वालुकाश्मावर आहे, तर उत्तरेकडील वील्ड भागातील मळे चिकणमाती व वालुकाश्मावर आहेत. खडकाची चव वाइनमध्ये उतरते की नाही, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. निचरा, उताराची दिशा आणि वाऱ्यापासून आडोसा या तीन गोष्टींचे महत्त्व मात्र सर्वांना मान्य आहे. डाउन्सवर नैर्ऋत्येकडून येणारा समुद्री वारा फुलोरा झोडपतो. त्यामुळे आल्फ्रिस्टनजवळच्या रॅथफिनी मळ्यात वेलींच्या आधी वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगांचा विचार करावा लागला.

हवामान व शेतीचे वर्ष : नाशिकच्या बागायतदाराला हे वर्ष उलटे वाटेल. नाशिकला एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणी. येथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते, छाटणी एकदाच होते आणि तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये आटोपते. नाशिकच्या द्राक्षात साखर सहज भरते आणि आम्ल टिकवणे अवघड जाते. ससेक्समध्ये आम्ल भरपूर, साखर मात्र ढगांच्या मर्जीवर. या प्रदेशाच्या वाइनचे सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात. थंड हवेत सावकाश पिकलेले, कमी साखरेचे व तीक्ष्ण आम्लाचे द्राक्ष साध्या वाइनसाठी अपुरे पडते; फेसाळ वाइनचा पाया म्हणून तेच सर्वोत्तम असते.

सर्वांत मोठा धोका एप्रिल-मेमधील रात्रींचा. डोळे फुटून कोवळे कोंब बाहेर आलेले असतात आणि आकाश निरभ्र झाले की पहाटे तापमान शून्याखाली जाते. त्या रात्री मजूर वेलींच्या ओळींतून मेणाने भरलेले डबे मांडून पेटवतात. शेकडो ज्योतींच्या उबेने हवा अंशा-दोन अंशांनी वर राहते, तेवढ्यावर हंगाम वाचतो. एवढे करूनही वर्ष फुकट जाऊ शकते. २०१२ च्या थंड, ओल्या उन्हाळ्यानंतर नायटिंबरने त्या वर्षीची वाइनच न करण्याचा निर्णय घेतला. उलट १९८० नंतरच्या दशकांत वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान सुमारे एका अंशाने चढले आहे आणि आजची लागवड त्याच जोरावर उभी आहे.

इतिहास : रोमनांनी येथे द्राक्षे लावली असावीत, पुराव्याबाबत मतभेद आहेत. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-नोंदवहीत इंग्लंडमधील सुमारे चाळीस द्राक्षमळ्यांची नोंद आहे. मध्ययुगानंतर लागवड ओसरली. आधुनिक काळातील पहिला व्यापारी मळा शेजारच्या हॅम्पशरमधील हॅम्बल्डन येथे मेजर-जनरल सर गाय सॉल्झबरी-जोन्स यांनी १९५० च्या दशकारंभी लावला. ससेक्समधील बोल्नी (१९७२) व पीटर हॉल यांचा ब्रेकी बॉटम (१९७४) हे मळे जुन्या पिढीचे. या पिढीचा भर सेव्हल ब्लाँक, म्युलर-थुर्गाऊ, रायखनश्टायनर अशा लवकर पिकणाऱ्या संकरित व जर्मन जातींवर होता.

१९८८ मध्ये स्टुअर्ट व सँडी मॉस या शिकागोच्या दांपत्याने वेस्ट चिल्टिंग्टन येथील नायटिंबरच्या जमिनीत शार्दोने, पिनो न्वार व पिनो म्युनिए या शँपेनच्या तीन जाती लावल्या. येथे त्या पिकणार नाहीत, सफरचंदे लावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता, असे सांगतात. त्यांची १९९२ ची पहिली वाइन बाजारात आल्यावर लगेच आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गाजली. १९९० च्या दशकाच्या मध्यात डिचलिंगजवळ माइक व क्रिस्टीन रॉबर्ट्स यांनी रिजव्ह्यू मळा सुरू केला. २०१० मध्ये डिकँटर मासिकाच्या जागतिक स्पर्धेत रिजव्ह्यूची २००६ ची ब्लाँ द ब्लाँ (केवळ पांढऱ्या द्राक्षांची वाइन) सर्वोत्कृष्ट फेसाळ वाइन ठरली. शँपेनबाहेरच्या वाइनला हा मान प्रथमच मिळाला. नायटिंबरच्या वाइनकर्त्या चेरी स्प्रिग्ज यांना २०१८ मध्ये इंटरनॅशनल वाइन चॅलेंजने वर्षातील सर्वोत्कृष्ट फेसाळ-वाइनकार म्हणून गौरवले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि शँपेनबाहेरच्या पहिल्या व्यक्ती.

बाटलीचा प्रश्न : फेसाळ वाइनचा शोध कोणाचा, हा वाद ससेक्समध्ये आवडीने चर्चिला जातो आणि त्यातील कागदोपत्री भाग महत्त्वाचा आहे. १७ डिसेंबर १६६२ रोजी क्रिस्टफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. वाइन चपळ व फेसाळ व्हावी म्हणून इंग्लिश व्यापारी तीत साखर आणि काकवी घालतात, अशी नोंद त्यात आहे. फेसाळ शँपेनच्या शोधाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते दोम पेरिन्यों हे शँपेनमधील ओव्हिलेच्या मठात आले ते १६६८ मध्ये, म्हणजे या निबंधानंतर सहा वर्षांनी. मेरेट मूळचे ग्लॉस्टरशरचे. ससेक्सशी त्यांचा थेट संबंध नाही. रिजव्ह्यूने मात्र त्यांचे नाव आपल्या बाटल्यांवर मिरवले.

दुसरा धागा काचेचा आहे आणि तो ससेक्सच्या जंगलातून जातो. सोळाव्या शतकात वील्डमधील कर्डफर्ड, विझबरो ग्रीन या भागांत लाकूड जाळून काच केली जाई. आरमारासाठी लाकूड राखायला हवे म्हणून १६१५ मध्ये राजाज्ञेने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यावर बंदी आली. वील्डचा हा धंदा बसला. पण दगडी कोळशाच्या अधिक उष्ण भट्ट्यांतून जाड व मजबूत काच निघू लागली. फेसाळ वाइनच्या बाटलीत सुमारे सहा वातावरणांइतका दाब असतो आणि जुनी काच त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. यावरून फेसाळ वाइन इंग्लिशच म्हणावी काय, हे सांगणे कठीण आहे. दाब सोसणारी बाटली इंग्लंडमध्ये आधी झाली, इतके मात्र निर्विवाद.

निर्मिती : हाताने तोडलेले घड देठांसह हलकेच दाबतात. रसाची साधी वाइन झाली, की ती थोडी साखर व यीस्टसह बाटलीत भरून बंद करतात. बाटलीत पुन्हा किण्वन होऊन वायू वाइनमध्येच कोंडला जातो. मृत यीस्टच्या गाळावर बाटल्या महिनोन्महिने, कधी अनेक वर्षे आडव्या ठेवतात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा गंध त्या गाळातून येतो. पुढे बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ बुचापाशी जमला की बाटलीचे तोंड गोठवतात आणि बूच काढताच गोठलेला गाळ दाबाने उडून जातो. राहिलेली जागा वाइन व किंचित साखरेने भरतात. आम्ल तीक्ष्ण असल्याने या शेवटच्या साखरेचे प्रमाण ठरवणे ससेक्समध्ये विशेष कसोटीचे असते.

दर्जा व कायदा : ‘ससेक्स’ या नावाला संरक्षित मूळस्थानाचा दर्जा २०२२ मध्ये मिळाला, नाशिक व्हॅली वाइनला भारतात मिळालेल्या भौगोलिक मानांकनाशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. रॅथफिनीचे मार्क ड्रायव्हर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. सीमा परगण्याची असावी की खडकाची, या मुद्द्यावर इतर मळेवाल्यांचे आक्षेप आहेत. खरेदी करताना लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की ‘इंग्लिश वाइन’ इंग्लंडमध्ये पिकलेल्या द्राक्षांचीच असते. ‘ब्रिटिश वाइन’ हे नाव आयात केलेल्या आटीव रसापासून केलेल्या स्वस्त पेयालाही लावले जाते.

लाल वाइन : बोल्नीची पिनो न्वार उल्लेखनीय.

शिक्षण : लूइसजवळील प्लम्प्टन कॉलेजात १९८८ पासून द्राक्षशेती व वाइननिर्मितीचे अभ्यासक्रम चालतात.

भेट : जून ते ऑक्टोबर हा काळ योग्य. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून लूइस किंवा ब्रायटनला आगगाडीने साधारण तासाभरात पोचता येते. पुढे टॅक्सी घ्यावी. वाइन चाखून स्वतः गाडी चालवू नये. रिजव्ह्यू, रॅथफिनी, बोल्नी आणि चिचेस्टरजवळील टिनवुड येथे चाखणी व मळ्याची फेरी असते, पण आधी नोंदणी करावी. गॉरिंग घराण्याच्या विस्टन इस्टेटवर खडूच्या उतारावरील वेली जवळून पाहता येतात. रॉडमेलजवळचा ब्रेकी बॉटम डाउन्सच्या घडीत दडलेला असून तेथील सेव्हल ब्लाँकची फेसाळ वाइन चाखल्याशिवाय ससेक्सची ओळख अपुरी राहते; शँपेनच्या जातींवाचूनही या मातीत काय साधते, हे तिच्यातून कळते.

मराठी प्रवाशाने ब्रायटनसाठी वेगळा वेळ ठेवावा. वि. दा. सावरकरांनी ‘सागरास’ ही कविता १९०९ मध्ये येथील किनाऱ्यावर रचली. शहराच्या वर, पॅचमजवळ डाउन्सवर, पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदू व शीख सैनिकांना जेथे अग्नी दिला, तेथे संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. तिचे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. तेथे चढून चालतच जावे लागते.

निवास : रॅथफिनीच्या आवारात, तसेच आल्फ्रिस्टन व लूइस येथे सोय होते.

खाद्य : येथील वाइन जेवणाबरोबर घ्यावी, नुसती नव्हे. तिची आम्लता तेल, मीठ व स्निग्धता कापते, म्हणून किनाऱ्यावरचे साधे खाणे तिला सर्वांत मानवते : हेस्टिंग्जच्या पुळणीवरून समुद्रात लोटल्या जाणाऱ्या होड्यांतली ताजी मासळी, सेल्सीचा खेकडा, राय खाडीतील स्कॅलप शिंपले. कागदात बांधलेले गरम तळलेले मासे व बटाट्याचे काप यांच्याबरोबर शार्दोनेची कोरडी फेसाळ वाइन ही जोडी मोठ्या उपाहारगृहातील जेवणालाही भारी पडते. शाकाहाऱ्यांसाठी गोल्डन क्रॉस हे शेळीच्या दुधाचे चीज व लॉर्ड ऑफ द हंड्रेड्स हे मेंढीच्या दुधाचे कठीण चीज आहे. मात्र चीजमधील रेनेट (दूध फाडणारे द्रव्य) वनस्पतिजन्य आहे ना, हे विचारून घ्यावे. बाखुस द्राक्षाची साधी पांढरी वाइन शेळीच्या चीजबरोबर जुळते. साउथडाउन मेंढीची जात ग्लाइंडचे जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुधारली. तिचे मांस पिनो न्वारबरोबर घेतात.

गोडात दोन पदार्थ ससेक्सचे. बॅनॉफी पाय जेव्हिंग्टनच्या ‘हंग्री मंक’ या उपाहारगृहात १९७० च्या दशकारंभी निघाला. उपाहारगृह आता बंद असून तेथे स्मृतिफलक आहे. ससेक्स पाँड पुडिंग त्याहून फार जुने. पिठाच्या पारीत लोणी, साखर व अख्खे लिंबू भरून ते तासन्‌तास उकडतात. कापताच आतला आंबट-गोड पाक ताटलीभर तळ्यासारखा पसरतो. लिंबाची भर अलीकडची मानली जाते. पारीत परंपरेने गोवंशाची चरबी असते, हे आपल्याकडील अनेकांनी ध्यानात घ्यावे. या पुडिंगपुढे कोरडी फेसाळ वाइन नुसतीच आंबट लागते. त्याबरोबर निमगोड प्रकार मागावा. नायटिंबर तो करते.