सांगली, मिरज आणि मधले सहा मैल

दोन शहरांच्या चुरशीचा विषय निघाला की मराठी माणूस सवयीने पुण्या-मुंबईकडे वळतो. त्या वादावर इतके लिहून झाले आहे की त्यातले विनोदही आता पाठ झाले आहेत. त्या मानाने कृष्णाकाठच्या, एकमेकींपासून जेमतेम सहा मैलांवर असलेल्या सांगली आणि मिरज या दोन गावांकडे बाहेरच्यांचे लक्ष फारसे जात नाही. बाहेरचा माणूस 'सांगली-मिरज' हे शब्द एकाच गावाचे नाव असल्यासारखे उच्चारतो, आणि ते ऐकताना मिरजकराच्या कपाळावर बारीकशी आठी उमटते. थोरले गाव मिरज; मग नाव आधी सांगलीचे का?

प्रश्न गैरवाजवी नाही. आदिलशाहीत मिरज हे किल्ल्याचे, ठाण्याचे गाव होते. १६५९ च्या अखेरीस अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांच्या फौजा या मुलखात उतरल्या आणि मिरजेला वेढा पडला. पण किल्ला हाती आला नाही. तो मराठ्यांनी घेतला शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७३९ मध्ये. मीरासाहेबांचा दर्गा त्याहूनही जुना. सांगली या काळात कृष्णेकाठचे एक लहानसे गाव होते. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो, मिरजकराला मात्र ती मनापासून पटते.

सांगलीचे भाग्य उजळले ते पटवर्धनांच्या भाऊबंदकीमुळे. मिरजेची जहागीर पटवर्धन घराण्याकडे होती. चिंतामणराव आप्पासाहेब अगदी लहान वयात जहागिरीचे धनी झाले आणि कारभार काका गंगाधरराव पाहू लागले. पुतण्या वयात आल्यावर काका-पुतण्यांचे बिनसले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रकरण वाटणीवर आले. मिरज काकांकडे राहिली. आप्पासाहेबांनी १८०१ च्या सुमारास सांगलीला आपले ठाणे केले. मिरज सोडताना त्यांनी गणपतीची मूर्ती बरोबर नेली, अशी कथा आहे. आज ज्या दोन शहरांच्या थट्टामस्करीला आपण हसतो, तिच्या बुडाशी एका घरातली वाटणी आहे. वाटणीनंतर वेगळी चूल मांडणाऱ्याला आपले घर अधिक नेटके करून दाखवायचे असते. आप्पासाहेबांनी तेच केले. गणेशदुर्ग बांधला, व्यापाऱ्यांना वसवले, गणपतीचे देऊळ उभारले. मिरजेच्या नशिबी मात्र आणखी वाटण्या होत्या. १८२० मध्ये त्या संस्थानाचे चार तुकडे झाले, त्यांतले दोन पुढे वारसाअभावी खालसा झाले, आणि उरलेल्या दोहोंपैकी धाकट्या पातीची राजधानी बुधगावला गेली. सांगली अखंड राहिली. पुढच्या दीडशे वर्षांच्या बऱ्याच गोष्टी या एका फरकातून निघतात, असे मला वाटते.

सांगलीकराला आपल्या गावाविषयी बोलायला सांगितले तर तो १८४३ पासून सुरुवात करतो. आदल्या वर्षी उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले होते. तसे काही मराठीत व्हावे, ही त्यांची इच्छा दरबारातल्या विष्णुदास भावे यांनी मनावर घेतली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग झाला. हा दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो आणि सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. या बिरुदाला शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या नावांनी बळकटी येते.

पण या कथेचा उत्तरार्ध सत्कारसमारंभात सहसा सांगितला जात नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि भाव्यांच्या नाटकाचा राजाश्रय संपला. मंडळी घेऊन त्यांना गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांचे खेळ झाले ते या फिरतीतूनच. मराठी रंगभूमी सांगलीत जन्मली हे खरे, पण दरबाराने हात आखडता घेतल्यावरच ती धंद्याच्या पायावर उभी राहिली. सांगलीला जन्माचा मान आहे. संगोपन मात्र तिकीट काढणाऱ्या परगावच्या प्रेक्षकांनी केले.

मिरजेची गोष्ट याच्या उलट आहे. तिथेही दरबार होता आणि त्याने गुण ओळखले. डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत आला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. १८९६ मध्ये त्याने गाव सोडले. एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले, गुरूला आले नाही, ते त्याच्या मनाला लागले, अशी कथा सांगतात. १९०१ मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस १९३१ मध्ये देह ठेवायला मिरजेतच आला. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत, प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथल्या उरुसात गवई आजही त्यांच्या स्मरणार्थ गातात. बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिले पाऊल ठेवले तेही १९०५ मध्ये, मिरजेत, शकुंतलेच्या रूपात. नाट्यपंढरीला हा टोला मिरजकर अजून लगावतो.

तरीही मिरजेचे संगीत टिकले ते दरबारामुळे नव्हे. ते टिकले शिकलगारांमुळे. तलवारींना धार लावणारी ही घराणी; लढाया थांबल्यावर त्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. पंढरपूरकडचे कडू भोपळे आणून वाळवायचे, कापायचे, दांडी जोडायची, आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, कारण तिथे मोजमाप चालत नाही, कान चालतो. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. सतारमेकर गल्लीतले काम चालूच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळाले होते, हे येथे नोंदवले नाही तर सांगलीकर रुसेल. पण बाजारपेठेला मानांकनाने गिऱ्हाईक मिळते. जवारी काढणाऱ्या कानाला वारस मिळेलच असे नाही. विजेवरचा तंबोरा खोक्यातून निघतो आणि सूर देतो. मिरजेची खरी स्पर्धा आता सांगलीशी उरलेली नाही, या खोक्याशी आहे.

काही गोष्टींची या दोन गावांनी देवाणघेवाणही केली. १८८९ मध्ये आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी दवाखाना आधी सांगलीत काढला, मग ते मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे राहिले. मिरज आरोग्यपंढरी झाली ती अशी. यात रेल्वेचा वाटा मोठा. मिरज जंक्शन होते, सांगलीला मिरजेपासून फाटा होता. कर्नाटकातला रुग्ण गाडीतून मिरजेलाच उतरे. एके काळी या स्थानकात रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला (१९६० पासून त्याचे नाव सांगली) तेव्हा कचेऱ्या सांगलीला गेल्या. स्थानक एकीकडे, कलेक्टर दुसरीकडे! १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत निघाले, आणि त्याला जोडलेले मोठे सरकारी रुग्णालय सांगलीत आहे. ही वाटणी पाहिली की पटवर्धनांची आठवण येते.

मधल्या सहा मैलांत १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज निघाले. दोन्ही गावांच्या मुलांना सारखेच लांब पडणारे ते ठिकाण. त्याच्या आसपासचा विश्रामबाग भाग भरत गेला, मोकळी जागा नाहीशी झाली, आणि १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. नावात कुपवाड आल्यामुळे निदान भांडण दोघांतच राहिले नाही. पण पालिका एक झाली तरी नाट्यगृहे दोन आहेत. सांगलीत भाव्यांच्या नावाचे, मिरजेत बालगंधर्वांच्या. आपल्या गावात नाटक अधिक रंगते, याविषयी दोन्हीकडच्या रसिकांना शंका नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून तिकडे पाठवण्यात आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांतून सर्वत्र 'मिरजेचे पाणी लातूरला' असेच आले, कारण गाडी मिरजेहून सुटली होती. ते पाणी मिरजेच्या घाटाला लागण्याआधी सांगलीवरून वाहत आले होते, हे सांगायला सांगलीकर तेव्हा विसरले असतील असे मला वाटत नाही.